चामखीळ आणि आपली घाई

चामखिळीवर मराठीत पुस्तिका निघते आहे असं सांगितलं की ऐकणारा आधी हसतो आणि मग हळूच आपलं बोट पुढे करतो. हसण्याचं कारण समजण्यासारखं आहे. मधुमेह, रक्तदाब, कर्करोग यांच्यावर पुस्तकं निघावीत हे पटतं. चामखिळीने कोणी दगावत नाही. पण दगावत नाही म्हणूनच तिच्याबद्दल कोणी नीट सांगतही नाही. दवाखान्यात रांग लागलेली असते, त्यात चामखीळवाल्याच्या वाट्याला दोन मिनिटं येतात. 'जाळून टाकू' किंवा 'राहू द्या, जाईल' यांपैकी एक वाक्य कानावर पडतं आणि बाकीची माहिती शेजारीण, सलूनवाला, मेडिकलवाला आणि मोबाइल मिळून पुरवतात.

या विषयावरचं जे वाचलं आणि डॉक्टर मंडळींकडून जे ऐकलं, त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. चामखिळीपेक्षा ती घालवण्याची घाई जास्त नुकसान करते. चामखिळीचा विषाणू कातडीच्या सगळ्यात वरच्या थराखाली उतरत नाही. पेटती अगरबत्ती, चुना-सोड्याचा लेप, बिब्बा आणि नको तितकी खोल गेलेली सुरी मात्र उतरते, आणि त्यांचा डाग जन्मभर राहतो. पुढची पानं वाचताना हे मत बरोबर घेऊन वाचावं, पटलं नाही तर टाकून द्यावं.

पुस्तिका बंगळुरातल्या मराठी घरांना समोर ठेवून केली आहे. शहाजीराजांच्या जहागिरीच्या काळापासून इथे मराठी बोलणारी घरं आहेत. ती कन्नडमध्ये इतकी मुरली आहेत की त्यांना दवाखान्यात दुभाषा लागत नाही. प्रश्न येतो तो पुणे, नागपूर, सोलापूरहून नोकरीसाठी आलेल्यांचा, आणि त्याहून जास्त त्यांच्याकडे सहा-सहा महिने राहायला येणाऱ्या आईवडिलांचा. शिवाजीनगरच्या बोअरिंग रुग्णालयात किंवा सिटी मार्केटजवळच्या व्हिक्टोरियात केसपेपर काढला की 'नरहुली' हा शब्द ऐकू येतो, ती चामखीळ. 'आणि' ऐकू आलं तर ते कुरूप. एवढं कळलं तरी निम्मं काम होतं. दुसऱ्या टोकाला इंदिरानगर, जयनगर, कोरमंगला इथली चकचकीत क्लिनिकं आहेत. तिथे इंग्रजी चालतं, लेझरचं यंत्रही असतं, आणि यंत्र असलं की ते वापरलं जाण्याकडे कल असतो. हा कोणाच्या हेतूवर आरोप नाही, पण रुग्णाने हे ध्यानात ठेवलेलं बरं.

शहराच्या राहणीचाही चामखिळीशी संबंध आहे. पीजीमध्ये एका न्हाणीघरात पाच-सहा जण अंघोळ करतात, नेलकटर एकच असतो, दाढीचा ट्रिमर या खोलीतून त्या खोलीत जातो. तरणतलावाच्या काठावर भिजून मऊ झालेले अनवाणी पाय खरबरीत फरशीवर घासतात. हे शहर समुद्रसपाटीपासून साधारण नऊशे मीटर उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी होते, बोटांच्या कडा आणि टाचा भेगाळतात. विषाणूला आत शिरायला एवढी फट पुरते. अखंड कातडीतून तो आत जाऊ शकत नाही.

उपचारांच्या आधी ओळख. मराठी घरात कातडीवर जे काही उगवतं आणि दुखत नाही, त्याला सरसकट चामखीळ म्हणायची पद्धत आहे आणि निम्मे घोटाळे इथेच होतात. मानेवर, काखेत लोंबणारे मऊ, देठ असलेले कण म्हणजे स्किन टॅग. ते संसर्गजन्य नाहीत आणि चामखिळीचं औषध त्यांच्यावर लावायचं नाही. त्यांच्याबरोबर मानेची कातडी जाड, काळपट, मखमली झालेली दिसली तर मात्र कातडीच्या औषधाऐवजी रक्तातली साखर आणि वजन यांच्याकडे पाहावं लागतं, कारण ती शरीर इन्शुलिनला दाद देत नसल्याची खूण असू शकते. पन्नाशीनंतर पाठीवर, चेहऱ्यावर येणारे तपकिरी-काळे खरखरीत उंचवटे वयाचे असतात. लहान मुलांच्या अंगावर मोत्यासारखे, मध्ये खळगा असलेले दाणे येतात ते मोलस्कम. त्याचा विषाणू निराळ्याच कुळातला. खरी चामखीळ बोटांवर, नखांच्या कडेला, गुडघ्यावर, कोपरावर येते, स्पर्शाला खडबडीत असते आणि एकीच्या दोन, दोनाच्या चार होतात. चेहऱ्यावर आणि दाढीच्या जागी ती चपटी किंवा बारीक तंतूंसारखी असते, आणि वस्तरा फिरला की त्या रेषेत पसरत जाते.

तळपायाची चामखीळ सगळ्यात जास्त फसवते. चालून चालून ती आत दाबली जाते, वर घट्टा धरतो आणि ती अगदी कुरुपासारखी दिसू लागते. माणूस मेडिकलमधून कॉर्न कॅप आणून महिनोन्‌महिने चिकटवत बसतो. ओळखायच्या तीन खुणा आहेत. कातडीवरच्या बारीक रेषा कुरुपावरून सरळ पुढे जातात, चामखिळीपाशी तुटतात. कुरूप वरून दाबलं की दुखतं, चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली की जास्त दुखते. आणि वरचा घट्टा हलकेच खरवडला की चामखिळीत काळे ठिपके दिसतात. या ठिपक्यांना लोक 'मूळ' म्हणतात आणि ते उपटून काढायला सुई-ब्लेड घेतात. ते मूळ नव्हे. चामखिळीला रक्त पुरवणाऱ्या केशवाहिन्या गोठून काळ्या पडलेल्या असतात. चामखिळीला मूळ नसतंच. खोल खणलं तर खालच्या निरोगी थराला जखम होते, एवढीच कमाई.

सुश्रुतसंहितेत चर्मकीलाचं वर्णन मूळव्याधीच्या प्रकरणात आलं आहे, आणि उपाय शस्त्राने कापून मग क्षाराने किंवा अग्नीने जाळण्याचा सांगितला आहे. आजच्या क्लिनिकमध्येही आम्ल, विजेची सुई आणि ब्लेडच असतात, हे पाहून प्राचीनांचा अभिमान वाटायला हरकत नाही. पण हा रोग नेमका कशाचा, हे कळायला विसावं शतक उजाडावं लागलं. १९०७ साली ज्युझेप्पे चिउफो या इटालियन डॉक्टराने चामखिळी वाटून त्यांचा अर्क जिवाणू अडवणाऱ्या बारीक गाळणीतून गाळला आणि तो स्वतःच्या हातात टोचून घेतला. काही महिन्यांनी तिथे चामखिळी उगवल्या. जिवाणूहून सूक्ष्म असं काहीतरी त्यात होतं. पुढे त्याला मानवी पॅपिलोमा विषाणू, म्हणजे एचपीव्ही, हे नाव मिळालं आणि त्याचे दोनशेहून जास्त प्रकार सापडले. हातापायांच्या साध्या चामखिळी मुख्यतः १, २, ४, २७ आणि ५७ या क्रमांकांच्या प्रकारांनी होतात, चपट्या चामखिळी ३ आणि १० ने. खाटीककाम करणाऱ्यांच्या हातांवर ७ क्रमांकाचा प्रकार विशेष आढळतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी जोडलेले १६ आणि १८ हे भाऊबंद वेगळे. हा संबंध दाखवल्याबद्दल हाराल्ड त्सूर हाउझेन यांना २००८ चं नोबेल मिळालं. ही बातमी अर्धवट वाचून बोटावरच्या चामखिळीला कर्करोगाची सुरुवात समजणारे लोक आहेत. त्यांनी निर्धास्त असावं.

या विषाणूची राहण्याची तऱ्हा समजली की उपचारांमधलं सगळं कोडं उलगडतं, म्हणून इथे थोडं थांबतो. तो फटीतून शिरतो आणि बाह्यत्वचेच्या तळाशी असलेल्या पेशींत मुक्काम करतो. तिथे तो जवळजवळ गप्प असतो. कातडीच्या पेशी तळाशी जन्मतात, हळूहळू वर सरकतात आणि वर पोचेपर्यंत मरून कोंडा होऊन झडतात, हा रोजचा क्रम. विषाणू पेशीबरोबर वर चढतो आणि ती नाहीतरी मरायला आली असताना तिच्यात आपल्या हजारो प्रती तयार करतो. पेशी फोडत नाही, सूज आणत नाही, रक्तात तर उतरतच नाही. आपल्या प्रतिकारशक्तीचे पहारेकरी खालच्या थरात रक्तवाहिन्यांच्या आसपास असतात. वर काय चाललं आहे याची त्यांना खबरच लागत नाही. म्हणून चामखीळ उगवायला साधारण एक ते सहा महिने लागतात, कधी त्याहून जास्त. 'परवा पोहायला गेलो आणि आज उगवली' हा हिशोब त्यामुळे जुळत नाही. आणि म्हणूनच ती वर्षभर निवांत बसू शकते.

मग एके दिवशी खबर लागते. कशाने लागते ते दर वेळी सांगता येत नाही, पण लागली की शरीरभरच्या चामखिळी काही आठवड्यांत एकदम विरघळतात, डागसुद्धा न ठेवता. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या मुलांवरच्या एका अभ्यासात दोन वर्षांत सुमारे दोन तृतीयांश चामखिळी कोणत्याही औषधाविना गेल्या होत्या. मोठ्यांमध्ये हे सावकाश होतं, पण होतं.

घरगुती आणि दैवी उपायांची कीर्ती या एका गोष्टीवर उभी आहे. घोड्याच्या शेपटीचा केस बांधणं, रुईचा चीक, अंजिराचा चीक, कळीचा चुना आणि धुण्याचा सोडा हे आपल्याकडचे उपाय. तामिळनाडूतल्या वैदीश्वरन कोविलच्या तळ्यात भाविक गूळ सोडतात. तो विरघळतो तसा कातडीचा रोग विरघळावा ही भावना. मार्क ट्वेनच्या 'टॉम सॉयर'मधली पोरं मेलेलं मांजर घेऊन मध्यरात्री स्मशानात जायला निघतात तीही चामखीळ घालवायलाच. जी गोष्ट कधीतरी आपोआप जाणार आहे, तिच्यावर शेवटचा जो उपाय केला त्याला श्रेय मिळतं. गुळाबद्दल माझी तक्रार नाही, त्याने कातडी भाजत नाही. चुना-सोड्याने भाजते. तो लेप दाहक अल्कली असतो आणि दुखायला लागेपर्यंत खोल गेलेला असतो. बोटाच्या पेरावर, नखाच्या मुळाशी, चेहऱ्यावर त्याचे व्रण घेऊन येणारे लोक कातडीच्या डॉक्टरांना नवे नाहीत.

थुजाबद्दल दोन वाक्यं लिहिणं भाग आहे, कारण मराठी मध्यमवर्गात चामखीळ म्हटलं की थुजा हे जोडीने येतं. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये तळपायाच्या चामखिळींवर थुजासह तीन होमिओपॅथिक औषधं आणि नुसत्या साखरेच्या गोळ्या यांची तुलना केली गेली, ती १९९२ साली प्रसिद्ध झाली. दोन्ही गटांत फरक पडला नाही. चिकटपट्टीचंही तसंच. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एका छोट्या चाचणीने चंदेरी डक्ट टेपला डोक्यावर घेतलं, नंतरच्या चाचण्यांनी खाली ठेवलं.

आता ज्यांच्यामागे पुरावा आहे ते उपाय. पहिला सॅलिसिलिक आम्ल. मेडिकलमध्ये ते बहुधा लॅक्टिक आम्लाबरोबर, लावताच पापुद्रा धरणाऱ्या पातळ औषधाच्या छोट्या बाटलीत मिळतं. बाटली स्वस्त आहे. महाग आहे ती शिस्त. रोज रात्री भाग कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटं भिजवायचा, वरची पांढरी मेलेली कातडी फाइलने किंवा वज्रीने हलकेच घासायची, भोवतालच्या निरोगी कातडीला व्हॅसलिन लावायचं, मग चामखिळीपुरतं औषध लावून वाळू द्यायचं. ती वज्री दुसऱ्या कोणी, दुसऱ्या कशासाठी वापरायची नाही. असं बारा आठवडे. बहुतेक लोक तिसऱ्या आठवड्यात कंटाळतात आणि 'औषध लागू पडलं नाही' म्हणतात. चेहऱ्यावर हे औषध लावायचं नाही. मधुमेहाने पायांची संवेदना कमी झालेल्यांनीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.

दुसरा उपाय गोठवण्याचा. उणे १९६ अंश सेल्सिअसचा द्रव नायट्रोजन फवाऱ्याने किंवा कापसाने काही सेकंद लावतात, फोड येतो, दर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा. नेदरलँड्समध्ये २५० रुग्णांवर केलेली आणि २०१० साली प्रसिद्ध झालेली चाचणी मला या बाबतीत सगळ्यात उपयोगी वाटते, कारण तिच्यात काहीच न करणाऱ्यांचाही गट होता. तेरा आठवड्यांनी हातांच्या साध्या चामखिळी गोठवणाऱ्यांपैकी ४९ टक्क्यांच्या पूर्ण गेल्या, सॅलिसिलिक आम्ल लावणाऱ्यांपैकी १५ टक्क्यांच्या, काहीच न करणाऱ्यांपैकी ८ टक्क्यांच्या. म्हणजे हातासाठी गोठवणं सरस. तळपायाला मात्र तिन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. पुढच्याच वर्षी ब्रिटनमधल्या तळपायाच्या चाचणीत घरी आम्ल लावणारे आणि दवाखान्यात गोठवून घेणारे, दोघेही बारा आठवड्यांनी १४ टक्क्यांवर राहिले. हे आकडे वाचून निराश व्हायला होतं खरं. पण 'एका बैठकीत खात्रीने गायब' असं सांगणाऱ्या जाहिरातीपुढे बसताना ते पाठ असावेत.

आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर गोठवण्याचा आणखी एक हिशोब असतो. रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी थंडीला नाजूक असतात, त्यामुळे त्या जागी पांढरा किंवा काळपट डाग राहू शकतो, कधी कधी महिनोन्‌महिने. गोऱ्या कातडीवरच्या पाश्चात्त्य पुस्तकांत हा मुद्दा एका ओळीत उरकतात. इथे मुलीच्या गालावरच्या चामखिळीबद्दल निर्णय घेताना तो पहिला यायला हवा. विजेच्या सुईने किंवा लेझरने जाळणं हा तिसरा मार्ग. भूल देऊन करतात, चामखीळ त्याच दिवशी दिसेनाशी होते आणि म्हणून तो लोकप्रिय आहे. पण व्रण राहू शकतो, आणि कडेच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीत विषाणू शिल्लक असला तर चामखीळ पुन्हा येते, कधी जुन्या व्रणाभोवती गोल करून. तळपायावरच्या व्रणावर तर रोज चालायचं असतं.

ज्यांच्या चामखिळी वीस-तीस आहेत, नखांखाली शिरल्या आहेत, दोनदा जाळूनही परत आल्या आहेत, त्यांचं काय? बंगळुराच्या वाचकाने इथे कान टवकारावेत, कारण या प्रश्नावरचं बरंचसं नवं काम आसपासच्या जिल्ह्यांतून आलं आहे. राजधानीतल्या महागड्या यंत्रांना त्याचं श्रेय जात नाही. मंगळुरूच्या फादर मुल्लर मेडिकल कॉलेजच्या डॉ. रमेश भट आणि सहकाऱ्यांनी २००१ साली फॉर्मिक आम्लाची चाचणी प्रसिद्ध केली. हे आम्ल मुंग्यांच्या अंगात असतं आणि दक्षिण कन्नड, केरळच्या रबराच्या मळ्यांत चीक गोठवायला वापरतात, म्हणजे तिकडे ते सहज मिळणारं. चामखिळीवर आम्लाचा थेंब ठेवून सुईने टोचायचं, अशी पद्धत. शंभर रुग्णांपैकी अर्ध्यांना आम्ल, अर्ध्यांना नुसतं पाणी. आम्लवाल्यांपैकी ९२ टक्क्यांच्या चामखिळी गेल्या, पाणीवाल्यांपैकी ६ टक्क्यांच्या. हे वाचून मळ्यातून बाटली आणू नये. तीव्र फॉर्मिक आम्ल डोळ्यांना आणि कातडीला घातक आहे आणि चाचणी डॉक्टरांच्या हातून झाली होती.

त्याहून विलक्षण कल्पना दावणगेरेची. तिथल्या जेजेएम मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी २००९ साली भारतीय त्वचारोगतज्ज्ञ संघटनेच्या नियतकालिकात मांडलेली पद्धत अशी: रुग्णाच्याच चामखिळीचा एक तुकडा काढायचा, हाताच्या कातडीखाली छोटासा कप्पा करून त्यात तो ठेवायचा आणि जखम बंद करायची. बस्स. वर लपून बसलेला विषाणू आपल्याच हाताने पहारेकऱ्यांच्या अंगणात नेऊन ठेवायचा. त्यांनी तो ओळखला की अंगभरच्या चामखिळी, ज्यांना कोणी हातही लावलेला नाही, त्याही विरू लागतात. बऱ्याच रुग्णांत तसं झालं. २०१२ मध्ये मंड्या जिल्ह्यातल्या बेळ्ळूरच्या आदिचुंचनगिरी संस्थेतल्या डॉक्टरांनी या पद्धतीत बदल करून ती पुन्हा मांडली. खर्च म्हणाल तर भूल, ब्लेड, पट्टी.

शरीराला जागं करण्याचे दुसरेही रस्ते शोधले गेले. एखाद्या ओळखीच्या शत्रूचा अंश चामखिळीत टोचला की पहारेकरी धावून येतात, आणि त्या गर्दीत चामखिळीचा विषाणूही पकडला जातो. आपल्याकडे जन्मतःच बीसीजीची लस टोचतात, त्यामुळे क्षयाच्या चाचणीत वापरलं जाणारं प्रथिन आपल्या शरीराला ओळखीचं असतं. नागपूरच्या डॉक्टरांनी तेच प्रथिन चामखिळींसाठी वापरून २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. गोवर-गालगुंड-रुबेलाची लस, कुष्ठरोगासाठी डॉ. जी. पी. तलवार यांनी दिल्लीत विकसित केलेली एमडब्ल्यू लस, यांचाही असा वापर होतो. २०१७ मध्ये हासन आणि मंड्या इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांतून चामखिळीत ड-३ जीवनसत्त्व टोचण्याचे प्रयोग प्रसिद्ध झाले. सूज, ताप, एक-दोन दिवस ठणका हे यांचे नेहमीचे त्रास.

यातल्या बऱ्याच अभ्यासांची उणीवही सांगायला हवी. मंगळुरूसारखा तुलनेचा गट सगळीकडे नव्हता. जो रोग आपोआप बरा होऊ शकतो, त्यात तुलनेशिवाय मिळालेल्या यशातलं औषधाचं किती आणि काळाचं किती, हे वेगळं काढता येत नाही. गुळाच्या खड्याला जी शंका विचारली, तीच इंजेक्शनलाही विचारली पाहिजे. तरीही हट्टी, पुष्कळ चामखिळींच्या रुग्णाला मी जाळण्याआधी या पद्धतींबद्दल विचारायला सांगेन. कारण त्या रोगाच्या स्वभावाला धरून आहेत, आणि निष्फळ ठरल्या तरी कातडी फारशी बिघडवत नाहीत.

लशीचा प्रश्न हमखास येतो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०२२ मध्ये जाहीर केलेली सर्व्हाव्हॅक ही लस ६, ११, १६ आणि १८ या प्रकारांविरुद्ध आहे. गर्भाशयमुखाचा कर्करोग आणि गुप्तांगावरच्या चामखिळी यांच्यासाठी ती मोलाची. मुलींना वेळेवर द्यावी. बोटावरच्या चामखिळीसाठी ती बनलेली नाही. गुप्तांगावरच्या चामखिळींना या पुस्तिकेतला एकही घरगुती सल्ला लागू नाही, त्यासाठी लाज बाजूला ठेवून डॉक्टरांकडेच जायचं.

थांबा आणि पाहा हा सल्ला काहींसाठी चुकीचाही आहे. मूत्रपिंडाचं प्रत्यारोपण झालेले, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारे, एचआयव्ही असलेले रुग्ण यांच्या चामखिळी पसरतात आणि क्वचित वेगळं वळण घेतात. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच उगवलेली एकुलती एक 'चामखीळ', रक्त येणारी, पटकन वाढणारी, कडा आणि रंग असमान असलेली, किंवा नखाजवळ वर्षानुवर्षं हटत नसलेली, हिचा तुकडा तपासायला पाठवलाच पाहिजे. त्या एका तपासणीत कंजुषी नको.

घरात कोणाला चामखीळ असेल तर त्याचा टॉवेल, वस्तरा, नेलकटर, वज्री वेगळी ठेवा. सार्वजनिक न्हाणीघरात आणि तरणतलावावर चपला घाला. चामखिळीवरून दाढीचं पातं फिरवू नका, नखं कुरतडू नका. तोंडाभोवती चामखिळी येतात त्या अशाच. अल्कोहोलच्या सॅनिटायझरवर विसंबू नका, या विषाणूला त्याची फारशी पर्वा नसते. पण मुलाला शाळेतून घरी बसवायचं, पोहणं बंद करायचं, पंगतीत वेगळं बसवायचं, असं काहीही करू नका. जगभरात दर दहांतल्या एकाला हा त्रास असतो असा अंदाज आहे, आणि नेदरलँड्सच्या प्राथमिक शाळांत तर एक तृतीयांश मुलांना तो आढळला होता. वर्गात आपलं मूल एकटं नसतं.

शेवटी वाचकांना एक विनंती. उपचार सुरू करण्याआधी चामखिळीशेजारी रुपयाचं नाणं ठेवून मोबाइलवर फोटो काढा. बारा आठवड्यांनी तसाच दुसरा काढा. मधल्या काळात औषध बदलू नका, डॉक्टर बदलू नका आणि सल्ला देणाऱ्या पाहुण्याला चहा पाजून वाटेला लावा. मधुमेह असेल आणि चामखीळ पायाला असेल, तर ही पुस्तिका नंतर वाचली तरी चालेल. आधी पाय डॉक्टरांना दाखवा.